हळदीच्या सकाळचं रक्त

मॅडम माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. मी नोकरी मागायला गेले तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, शाळा किती झाली ते तर नाहीच नाही. मला तेवढंच हवं होतं. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला युनिव्हर्सिटीच्या पायऱ्या चढतानाच घाम फुटतो. त्या म्हणाल्या, चप्पल काढा. मला वाटलं, आत चप्पल चालत नसेल. काढली. तर त्या खुर्चीतून उठल्या आणि माझ्यासमोर चक्क उकिडव्या बसल्या. माझ्या टाचेच्या भेगेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे कळतंय का. म्हटलं, कळतंय. इथे? इथे पण कळतंय.

"मग उद्यापासून या. आणि झोपताना टाचांना खोबरेल लावत जा."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, नीट चौकशी कर, बाई खरी डॉक्टर आहे ना? त्याचंही चुकलं नव्हतं. आमचं गाव किनवटच्याही पुढे, तिथून तो उरणकडे कंटेनरच्या यार्डात कामाला लागला म्हणून आम्ही पनवेलला आलो. तिकडे आमच्या बाजूला डॉक्टर पेशंटच्या पायाशी बसत नाही. इकडे कुणी बसत असेल असंही नंतर मला कुठे दिसलं नाही.

केंद्राचं पाटीवरचं नाव लांबलचक होतं. त्यात मधुमेह होता, संशोधन होतं, युनिव्हर्सिटी होती. रिक्षावाले त्याला शुगरचं हापीस म्हणायचे. एक मजला, त्यात मॅडमची खोली, रक्त तपासायची खोली, आणि एक हॉल. हॉल माझा. म्हणजे असं की, तपासणीला माणूस सकाळी उपाशीपोटी येणार, त्याचं रक्त घेणार, मग त्याला ग्लुकोजचं पाणी पाजणार, आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घेणार. मधल्या दोन तासांत त्याने खायचं नाही, हिंडायचं नाही, विडी ओढायची नाही. त्याला बसवून ठेवायचं, हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. समोर वडापावची गाडी, वारा इकडचा, आणि पोटात आदल्या रात्रीपासून काही नाही, अशा माणसाला बसवून बघा. मला सारखी भीती, एखादा निसटला तर माझी नोकरी जाणार. मॅडमना मी तसं बोललेही. त्या म्हणाल्या, निसटला तर त्याची भूक खरी होती असं समजा, तुमची नोकरी कशाला जाईल.

त्या सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. मला बाकीचे मावशी म्हणायचे, त्या बाई म्हणायच्या. हॉलमध्ये शुगर पेशंट हा शब्द चालत नव्हता. धाकटे सर, म्हणजे त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारा मुलगा, एकदा दारातून ओरडला, शुगर पेशंट कोण बाकी आहे? मॅडमनी त्याला बोलावून घेतलं आणि दोन तास हॉलमध्ये त्या माणसाशेजारी बसवलं. उठताना त्या माणसाची सासुरवाडी, त्याच्या भावकीतलं भांडण, गेल्या वर्षी मेलेली म्हैस, सगळं सराला पाठ झालं होतं. म्हणाल्या, आता सांगा, कोण बाकी आहे?

पण हे झाले त्यांचे बरे दिवस. खरं म्हणजे मी त्यांना जास्त करून दमलेलंच पाहिलं. केंद्र चालवणं म्हणजे संशोधन करणं असा माझा समज होता. तसं नसतं. छत गळतंय म्हणून इंजिनियर विभागाला फोन, इंजिनियर विभाग म्हणतो बजेट नाही, बजेटवाला म्हणतो आधी इंजिनियरची सही आणा. सुया संपल्या, नव्या सुयांचं टेंडर अडकलं. टेक्निशियनची मुदत संपली. आणि सगळ्यांत वर तो डीप फ्रीझर. त्यात लोकांचं वर्षानुवर्षांचं रक्त गोठवून ठेवलेलं. पनवेलची वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि आमचा जनरेटर मनाला येईल तेव्हा चालू व्हायचा. वीज गेली की मॅडम हातातलं टाकून फ्रीझरपाशी जायच्या आणि दारावर तळहात ठेवून उभ्या राहायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. त्याने काय होणार होतं? काही नाही. धाकटे सर गालात हसायचे. मी विचारलं, दमलात का, खुर्ची आणू? तर म्हणाल्या, दमले नाही, जरा थांबलेय. हे त्यांचं नेहमीचं. आम्हाला कळायचं, की आज फार दमल्यात.

शनिवारी केंद्र बंद आणि रविवारी चालू, हा त्यांचा आणखी एक वाद. त्या बेने इस्रायल, कोकणातल्या ज्यू लोकांपैकी. मराठी आमच्यापेक्षा चांगलं, नऊवारीतल्या आजीचा फोटो टेबलावर, पण शनिवारी कागदाला पेन लावायच्या नाहीत. युनिव्हर्सिटीला वाटायचं हा हट्ट आहे. त्या म्हणायच्या, हट्ट आहेच, पण रविवारी यार्डातल्या माणसाला सुट्टी असते, तो माझ्या हट्टामुळेच तपासायला येतो. दोघे भाऊ कधीचे इस्रायलला गेले होते. त्यांचा फोन यायचा, आता तरी ये. मॅडम त्यांना सांगायच्या, तिथे माझ्या ओळखीचा एकही पाय नाही रे.

पायांवरून आठवलं. युनिव्हर्सिटीचे एक हिशेबाचे अधिकारी आले होते, केंद्राचा खर्च का वाढतो ते विचारायला. चकचकीत बूट, जाड फाइल. ते बोलतायत आणि मॅडम टेबलाखाली बघतायत. मी चहा ठेवत होते. मध्येच मॅडम म्हणाल्या, साहेब, उजवा बूट काढा. साहेब म्हणाले, आपण विषयावर येऊ. मॅडम म्हणाल्या, विषय बुटात आहे. शेवटी त्यांनी रागारागाने बूट काढला, उलटा केला, आणि त्यातून खडा पडला. चांगला चिंचोक्याएवढा. सकाळी घरून निघताना आत गेलेला असणार. साहेब त्यावर दिवसभर चालले होते आणि त्यांना पत्ता नव्हता. मोजा काढला तर तळव्याला रक्ताचा डाग.  साहेबांचा चेहरा असा उतरला की मलाच रडू आलं. त्यांना शुगर होती, तिने पाय बधिर झाले होते, आणि त्यांना माहीत नव्हतं. पुढे त्यांनी औषध सुरू केलं, पायही वाचला, दिवाळीला मॅडमना मिठाई पाठवली, आणि मग विचार करून सुक्या मेव्याचा डबाही पाठवला. आणि त्याच वर्षी केंद्राचा खर्च कापायच्या कागदावर त्यांचीच सही होती. तसं सांगायला ते स्वतः आले होते. मॅडमनी विचारलं, पाय कसा आहे?

आता मुख्य गोष्टीवर येते.

केंद्राचं मोठं काम उरणकडच्या एका कोळीवाड्यात होतं. समुद्रावर जाणाऱ्या माणसाच्या अंगात शुगर कशी आणि केव्हा शिरते, ते बघायचं होतं. पहिली फेरी मी यायच्या आधी झालेली. तीच माणसं बऱ्याच वर्षांनी पुन्हा उपाशीपोटी तपासायची होती, तरच त्या कामाला अर्थ होता. पहिल्या फेरीसाठीसुद्धा कोळीवाडा सहज तयार झाला नव्हता. त्याआधी कुठल्याशा दुसऱ्या संस्थेचे लोक येऊन रक्त घेऊन गेले होते आणि कधी परत फिरकले नव्हते. हिराबाय म्हणून वाड्यातली सगळ्यांत वयस्कर मासळीवाली. तिने मॅडमना तोंडावर विचारलं होतं, आमचा रगत काय बाजारात इकतां? तेव्हापासून मॅडमचा नियम झाला. ज्याचं रक्त घेतलं त्याला उत्तर त्याच्या दारात जाऊन सांगायचं. फोनवर नाही, कागद पाठवून नाही. स्वतः एसटीने जायच्या. एकेका घरी तास जायचा. युनिव्हर्सिटीतल्या वरच्यांचं म्हणणं, केंद्राच्या संचालकांनी पेपर लिहायचे सोडून दारोदार हिंडू नये. मॅडमचं म्हणणं, रक्त घेतलं की उत्तर द्यायचं, मग उरलेल्या वेळात पेपर.

उरलेला वेळ काही उरला नाही. पेपर थोडे निघाले. मग युनिव्हर्सिटीची समिती बसली आणि तिने सरळ सांगितलं, की मार्चच्या आत कोळीवाड्याची दुसरी फेरी पुरी झाली तर केंद्र राहील, नाहीतर मजला दुसऱ्या विभागाला जाईल. धाकट्या सरांची पीएचडी त्यात, टेक्निशियनची नोकरी त्यात, माझी पण. मी त्या दिवसांत रोज घरून निघताना देवाला हात जोडायचे, आणि पोचले की पहिल्यांदा पाटी जागेवर आहे का ते बघायचे.

अडचण माणसांची होती. पहिल्या फेरीतले निम्म्याहून जास्त लोक आता वाड्यात नव्हते. कुणी बंदरात, कुणी मुंबईला, पोरी लग्न होऊन गेलेल्या, आणि जे होते ते बोटीवर. मॅडम आठवड्यातून दोनदा जाऊन हात हलवत यायच्या. शेवटी हिराबायनेच वाट काढली. तिच्या नातवाचं लग्न होतं. म्हणाली, सगली येनार. मुंबईची येनार, बोटी बंद राहनार. लग्नाच्या सकाळी समाजाच्या हॉलात या, एक पन जन सोडत नाय मी.

मॅडमचा चेहरा मी तेवढा खुललेला कधी पाहिला नाही. परतीच्या एसटीत त्या गुणगुणत होत्या. धाकट्या सरांनी नळ्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, मी पेले मोजून, धुऊन बांधले. सगळ्यांना निरोप गेला, रात्री आठनंतर काही खायचं नाही. सगळ्यांनी हो म्हटलं.

इतके शिकलेले लोक, आणि मॅडम तर कोकणातच वाढलेल्या. पण लग्नाची सकाळ म्हणजे हळदीच्या रात्रीनंतरची सकाळ, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला तर इकडची हळद ठाऊकच नव्हती. आमच्याकडे हळद म्हणजे दुपारी पाच बाया येतात, लावतात आणि जातात.

आम्ही पोचलो तेव्हा हॉलबाहेर रांग लागली होती. सगळेच आले होते. ज्यांच्यासाठी मॅडम वर्षभर खेटे घालत होत्या ते मुंबईवाले, बोटीवरचे, सासरी गेलेल्या पोरी, सगळे. कानापर्यंत पिवळे. कुणाचे डोळे लाल, कुणाचा आवाज बसलेला, एक जण भिंतीला टेकून उभ्या-उभ्या झोपलेला. शेजारच्या मांडवात बेंजोवाले चादर पसरून पडले होते, आणि मोठमोठी पातेली उलटी टाकून एक बाई घासत होती. मटणाचा वास अजून जाईना. धाकटे सर टेबल मांडून बसले आणि विचारायला लागले, रात्री आठनंतर काही खाल्लं? पहिला म्हणाला, नाय. दुसरी म्हणाली, काय पन नाय. तिसरा म्हणाला, पानी पन नाय, आणि त्याच्या तोंडाच्या वासाने सरांनी मान फिरवली.

मॅडम माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, ग्लुकोजचं पाणी कालवू नका. मग हिराबायपाशी गेल्या. ती पहिल्या खुर्चीवर बाही वर करून बसली होती, केसांत अबोलीचा गजरा, हातभर हिरवा चुडा.

"हिराबाय, रात्री जेवलात कधी?"

"कदी म्हनजे? तीन येळा." हिराबायला लपवायचं काही वाटलं नाही. "हळदीला उपाशी कोन र्‍हातंय? तू बोलावलास म्हून सगल्यांना उठवून आनलाय. घे आता किती घ्यायचा तो."

रांग हसली. मॅडमही हसल्या, अगदी डोळे पुसण्याइतक्या. मला त्यात काही हसण्यासारखं दिसेना. 

धाकटे सर त्यांना बाजूला घेऊन गेले, पेल्यांच्या गोणीपाशी, म्हणून मला ऐकू आलं. सर म्हणाले, लोक स्वतः सांगतायत ना उपाशी आहेत, आपण तसंच लिहू. आकडे थोडे वर येतील, येऊ देत. ही माणसं पुन्हा एकत्र सापडणार नाहीत. समिती फक्त फेरी झाली का ते बघणार आहे.  वाईट मुलगा नव्हता तो. वडील आजारी होते त्याचे, पीएचडी लांबत चालली होती.

 मॅडम मांडवाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शुगरची तीन महिन्यांची सरासरी काढायला उपाशी असावं लागत नाही. तेवढी करू. ती ह्यांच्या उपयोगाची आहे."

"आणि आपल्या?"

"आपल्या नाही."

आणि त्यांनी स्वतः सुई हातात घेतली. एकेकाचं रक्त काढलं, एकही माणूस परत पाठवला नाही, कुणाला चुकलात असं म्हटलं नाही. ज्यांनी खोटं सांगितलं त्यांनाही, बरं झालं आलात, म्हणाल्या. मी कापूस देत होते. मला वाटत होतं, प्रत्येक नळीबरोबर आमचा मजला थोडा-थोडा जातोय.  सगळं संपल्यावर हिराबायने आम्हाला लग्नाला बसवून घेतलं. मॅडम त्यांच्या धर्माच्या नियमाने मटण खायच्या नाहीत. त्यांना तिने वेगळी तांदळाची भाकरी आणि तळलेला हलवा मासा वाढायला लावला.

पुढचे आठवडे आम्ही घरोघरी हिंडलो. सर आले नाहीत, मीच पिशवी धरायला जायचे. कुणाची सरासरी चांगली निघाली, कुणाची वाईट. मुंबईवाल्यांकडे मॅडम मुंबईला गेल्या. सगळ्यांत शेवटी हिराबाय. तिची बरीच वाईट होती. मॅडमनी तिच्या ओट्यावर बसून औषध समजावलं, भात किती, पायांची काळजी कशी. ती ऐकून घेऊन म्हणाली, माझा र्‍हाऊ दे. आमच्या रगताचा तुला उपेग झाला ना?

मला वाटलं, आता हो म्हणतील. एवढ्या म्हाताऱ्या बाईचं मन कशाला मोडा. पण मॅडमना ते जमायचं नाही. म्हणाल्या, तुम्हाला झाला, मला नाही. आणि का नाही तेही सांगितलं.  हिराबाय चिडून म्हणाली, तवाच बोलायचास ना. मॅडम म्हणाल्या, बोलले असते तर तुम्ही सगळे उठून गेला असता, आणि तुमची शुगर कळायची राहून गेली असती.

हिराबायने टोपलीवरचं फडकं झटकलं. "पावसाला होड्या वर काढल्या का येतो. मी आनते सगल्यांना. आता खरं उपाशी."

मॅडमनी मान डोलावली. तेव्हा अजून युनिव्हर्सिटीचं पत्र आलं नव्हतं.

पत्र आलं ते मार्च संपल्यावर. मजला दुसऱ्या विभागाला गेला. फ्रीझर मुंबईच्या एका कॉलेजला गेला, मॅडम टेम्पोत त्याच्याशेजारी बसून पोचवायला गेल्या. धाकटे सर पुण्याला गेले. जाताना पाया पडले, पण बोलले नाहीत. मला मॅडमनी खांदा कॉलनीतल्या एका खासगी लॅबमध्ये लावून दिलं. स्वतः आल्या, मालकासमोर बसल्या आणि त्याला म्हणाल्या, ही बाई माणूस बसवून ठेवते. मालकाला काही कळलं नाही, पण त्याने ठेवून घेतलं. माझ्या घरात आज जे शिजतं ते त्या एका वाक्यावर शिजतं.

मी अधूनमधून जुन्या पनवेलला त्यांच्या घरी जायचे. दर वेळी विचारायचे, कोळीवाड्यात सांगितलंत का, केंद्र बंद झालं म्हणून? त्या म्हणायच्या, उद्या जाते. पुढच्या वेळीही उद्या. दुसऱ्यांचं वाईटात वाईट उत्तर त्यांच्या दारात जाऊन सांगणारी बाई, एवढं एक सांगायला एसटीत बसत नव्हती. मी म्हटलं, मी जाऊन सांगू? नको म्हणाल्या. माझं आहे ते.

आणि जूनमध्ये एका सकाळी लॅबमध्ये मला फोन आला. हिराबाय. आमी आलोय, वर कोन सोडत नाय, तू कुठं हाय? मी मालकाला काय सांगितलं ते मला आठवत नाही. रिक्षाने गेले. युनिव्हर्सिटीच्या पायऱ्यांवर वीस-पंचवीस बाया-पुरुष बसले होते, चांगले कपडे घालून, गपचूप. एका टेम्पोत दाटीवाटीने आले होते. वॉचमन हैराण झाला होता. मुंबईवाले नव्हते, पण वाड्यातले बहुतेक होते. हिराबायने मला दुरूनच सांगितलं, सगली उपाशी, मी सोता बघितलाय, कालपासना एकाच्या पोटात कन नाय.

मी मॅडमना फोन केला.  त्या पाव तासात आल्या, घरातल्याच साडीवर, केस नीट न विंचरता. पायरीवर हिराबायच्या शेजारी बसल्या आणि सरळ सांगितलं. केंद्र बंद झालंय. आता इथे आमचं काही नाही.

"कदीपासना?"

"मार्च संपल्यापासून."

"आनि आमाला आता सांगतंस?"

मॅडम खाली बघत होत्या. मागच्या बायांमध्ये कुजबुज झाली. हिराबायने आपली बाही वर केलेली होती ती हळूहळू खाली ओढली.

"मग हा रगत आता कोनाला द्यायचा?"

"मला माहीत नाही, हिराबाय."

एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला असं उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.  हिराबाय गुडघ्यावर हात देऊन उठली, सगळ्यांना म्हणाली, चला, पोटात काय तरी टाका, तो टेम्पोवाला पन खोळंबलाय. सगळे उठले आणि रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलाकडे निघाले. मॅडम पायरीवरच राहिल्या. मी त्यांच्याजवळ उभी होते. 

रस्त्याच्या मधूनच हिराबाय मागे फिरली, पायरीपाशी आली आणि मॅडमच्या दंडाला धरलं.

"चल ऊठ. तू पन सकालपासना काय खाल्ला नाय वाटतं."

"नाही खाल्लं," मॅडम म्हणाल्या, आणि तिचा हात धरून उठल्या.